खोडाभोवतीचा पट्टा

रविवारी सकाळी राजकन्या लोह्याहून गावाकडच्या शेतात पोचली, तेव्हा बांधावरच्या आंब्याच्या खोडाला कमरेइतक्या उंचीवर पांढरा पट्टा दिसला. आधी वाटलं, कुणी चुना मारला. जवळ गेली तर वीतभर रुंदीची साल सोलून काढलेली, चहूबाजूंनी, एक धागाही न ठेवता. खाली सालीचे तुकडे पडले होते. उघडं लाकूड अजून ओलं होतं.

झाड तिच्या वडलांनी लावलेलं. बांध सामाईक, एका अंगाला तिचं वावर, दुसऱ्या अंगाला चुलतभाऊ देविदासचं. सोयाबीनवर सावली पडते, झाड तोडू, असं तो तीन वर्षं म्हणत होता आणि ती सही देत नव्हती. वाळलेलं झाड तोडायला मात्र कोण अडवणार?

देविदास आखाड्यावर, शेतातल्या खोपीपुढं, चहा पीत बसला होता.

"दादा, आंब्याला काय केलंस?"

"साल काढली नुसती. झाड हाय की उभं. साल काय, येती परत."

"वरची येती. वरचा खडबडीत थर मेलेल्या बुचाचा असतोय. ऊन, कीड आत शिरू नये, आतली ओल उडू नये म्हणून झाड आतून नवं बूच करत ऱ्हातंय अन् जुनं बाहेर ढकलतंय. म्हणून तर भेगा पडत्यात. तू तिच्या आतली जिती साल नेलीस. पानांनी केलेलं अन्न तिच्यातूनच मुळाला जातंय. पानं काही महिने हिरवी दिसतील अन् खाली मुळं उपाशी मरतील."

"ठाव हाय," बशी खाली ठेवत देविदास म्हणाला. "तूच सांगितलं व्हतंस की मागल्या दिवाळीला."

राजकन्याला ती दिवाळी आठवली. खरंच सांगितलं होतं. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, आणि कधी नव्हे तो देविदासनं तिच्या विषयातलं काही विचारलं होतं. तिनं हौसेनं अंगणात काडीनं खोडाची आकृती काढून दाखवली होती. त्याचा राग तर आलाच, पण आपल्या भाबडेपणाचा त्याहून जास्त आला.

"माझ्या बापाचं झाड माझ्याच तोंडून शिकून मारलंस," ती म्हणाली आणि वळली.

देविदासची आई धोंडाबाई आतून सगळं ऐकत होती. ती मागोमाग बांधावर आली. "राजे, आता काय करायचं सांग."

"काकू, उघड्या जागेला हात लावू नका. घरातलं मेण आणा, बारीक खिळे-चुका आणा, खताची रिकामी पिशवी आणा."

राजकन्यानं त्याच आंब्याच्या बोटभर जाड सहा काड्या कापल्या. दोन्ही टोकं तासली. पट्ट्याच्या खालच्या सालीत एक टोक खुपसलं, वरच्या सालीत दुसरं, चुका ठोकल्या, फटीत मेण भरलं. धोंडाबाई काड्या धरून उभी होती. वरचं अन्न खाली उतरायला सहा काड्यांचे सहा पूल झाले. मग सगळ्याला पिशवी गुंडाळून सुतळीनं बांधलं. देविदास लांबून बघत होता. तिनं त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. घरी जायच्या आधी देविदासविरुद्ध तलाठ्याकडे द्यायचा अर्ज तिथंच गुडघ्यावर लिहिला.

पावसाळाभर ती दर रविवारी आली. दोन काड्या काळ्या पडल्या. चारांनी जीव धरला. सालीच्या कापलेल्या कडांना फिकट, मऊ गाठी आल्या. दसऱ्यापर्यंत त्यांच्यावर तपकिरी पापुद्रा चढला, आणि नखानं दाबला तर आता खूण उमटत नव्हती. मोहर त्या वर्षी आला नाही. झाड जगलं.

पंचनाम्याची तारीख लागली तसा देविदास तिच्या दारात आला. "राजे, झाड वाचलं ना? मग अर्ज मागं घे. गावात लाज जाऊन राहिली माझी."

"झाड त्याच्या जोरावर वाचलं," ती म्हणाली. "तू मारायलाच गेला व्हतास."

"भाऊ हाय मी तुझा."

"हाव. म्हणून तर अंगणात बसून शिकवलं व्हतं."

तिनं अर्ज मागं घेतला नाही. तारखेला धोंडाबाई लेकाच्या विरोधात उभी राहिली आणि ऐकलेलं-पाहिलेलं सगळं सांगून गेली. त्या दिवशी राजकन्या चुलतीच्या घरी जेवली. देविदास ताट घेऊन समोर बसला, तशी ती उठून आपलं ताट चुलीजवळ घेऊन गेली.