वजनावर औषध

गोळ्या तोंडात टाकून मावशीनं पाणी प्यायल्याचं सोंग केलं आणि त्या हळूच गालात सरकवल्या. कडूजहर होत्या मेल्या. डोळ्यांत पाणी आलं, तरी तिनं तोंड वाकडं होऊ दिलं नाही.

“आ करा बघू,” दवाखान्यातली नर्स म्हणाली.

कारखान्याच्या कँटीनमध्ये रांधणारी ही बाई एरवी कुणाच्या बापाला न भिणारी. पण स्वयंपाक्यांची तपासणी निघाली तेव्हा तिचं धाबं दणाणलं. तिचंच पोट कधीपासून बिघडलेलं, आणि घरात कमावती ती एकटी. म्हणून पठ्ठीनं लेकीच्या शौचाचा नमुना स्वतःचा म्हणून दिला. पोर खातीपिती, गालांनी गोबरी. तिच्या पोटात काय निघणार? निघाले की जंत. तेही चपटे, एकाचे दुसऱ्याला लागणारे. डॉक्टरीणबाईंनी मावशीलाच काट्यावर उभं केलं, अडीच गोळ्या काढल्या आणि समोरच गिळायला सांगितल्या.

“मावशी, आ करा ना.”

घरी नेऊन निम्म्या दिल्या तर पोरीला पुरतील? की जास्त होतील? भाजीत अंदाजानं मीठ घालणं वेगळं. मावशीनं गोळ्या तळहातावर काढल्या.

“नमुना माझा नव्हता. माझ्या पोरीचा होता.”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून ठेवला.

“असं का केलंत?”

“माझं पोट ठीक नाही. वाटलं, नोकरी जाईल.”

“जंतांनी नोकरी जात नाही हो. औषध घेतलं की पुन्हा कामावर. पण ही लबाडी मला वर कळवावी लागेल. पुढचं माझ्या हातात नाही.”

“कळवा. आधी पोरीचं औषध सांगा.”

“वजन किती तिचं?”

एरवी मावशी पिठाची पिशवी नुसती उचलून वजन सांगायची.

“हल्ली उचललंच नाही तिला,” ती म्हणाली.

“मग घेऊन या.”

ॲप्रन काढून ती तडक शाळेत गेली. वर्गाबाहेर आलेल्या लेकीला तिनं काखेत हात घालून उचललं, तर पोर पिसासारखी हलकी. नुसते गालच होते.

“आई, खाली ठेव ना. सगळे बघतायत.”

“बघू देत,” मावशी म्हणाली, आणि तिला कडेवर घेऊन दवाखान्याकडे चालू लागली. दुसऱ्या हातातलं पोरीचं दप्तर पोरीहून जड लागत होतं.