बाबांनी कातलेलं सूत

त्या घरात जवसाचा वाख, म्हणजे त्याच्या खोडाचे तंतू, बाबा कातायचे आणि आई मागावर बसून विणायची. बाबांच्या हातचं सूत केसासारखं बारीक असायचं.

बाबा गेल्यावर लेक आईचं कपाट आवरत होती. एका टॉवेलावर तिचा हात थांबला. त्याचा मधला वीतभर पट्टा जाडाभरडा, गाठीगाठींचा होता.

"आई, हे बाबांचं सूत? शक्यच नाही!"

आई हसली. "तू नोकरीसाठी परगावी गेलीस ना, त्या आठवड्यातलं आहे. चरख्यावर बसायचे, पण बोटं पाण्यात बुडवायचंच विसरायचे. कोरडा वाख कुठला ऐकतोय! मी म्हटलं, राहू द्या आता. तर डोळे पुसत म्हणाले, डोळ्यात कचरा गेलाय."

लेकीला तो दिवस आठवला. पेपरातून डोकं वर न काढता बाबा "जपून जा" एवढंच म्हणाले होते, आणि ती वर्षानुवर्षं ते मनात धरून बसली होती.

"मग हा पट्टा उसवला का नाहीस?"

"कशाला उसवू? तुला सांगायला त्यांची जीभ रेटली नाही. म्हणून ठेवला."

लेकीने तो पट्टा गालाशी धरला. जरा टोचत होता, तरी तिने बराच वेळ तो बाजूला केला नाही.