मास्तरांच्या मानेखालची पिशवी

मित्रांनो, मी मुळात लाल होते. हे मुद्दाम सांगावं लागतंय, यावरूनच ओळखा की मी एक जुनी, गरम पाण्याची रबरी पिशवी आहे. आता माझा रंग कशासारखा झालाय ते विचारू नका. म्हातारीला कुणी असले प्रश्न विचारत नाही.

एका कारखान्यात, तापलेल्या साच्यात माझा जन्म झाला. रबराचे दोन तुकडे कडेने चिकटवले, गळ्यात झाकणाचे आटे बसवले, पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते पाहिलं आणि मला दुकानात धाडलं. तिथून काकूंनी मला पाठदुखीसाठी घरी आणलं. मग घरात ज्याचं जे दुखेल त्याच्या वाट्याला मी यायची. पोट, पाठ, गुडघा. कुणी माझे आभार मानले नाहीत, पण दुखायला लागलं की पहिली हाक मलाच. एवढ्यावर माझं भागत होतं.

काकूंचे यजमान छापखान्यात कागद कापायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. चार बोटं जाडीचा गठ्ठा यंत्राखाली ठेवायचा, पातं खाली, खलास! ते म्हणायचे, "कापायचं तर एका दाबात. पातं दोनदा लागलं की कडेला पायरी पडते." घरातही त्यांचा हाच खाक्या. चहा सोडला तो एका दिवसात. चुलतभावाशी बोलणं सोडलं तेही तसंच.

तीन वर्षांपूर्वी मास्तरांचं मन गाळात रुतलं. आंघोळ नको, जेवण नको, माणूस नको. तेव्हा डॉक्टरांनी मनाच्या आजाराच्या गोळ्या दिल्या आणि त्या गोळ्यांनीच त्यांना गाळातून वर काढलं. हे मी ठणकावून सांगते, कारण पुढे जो तो उठून त्या गोळ्यांना शिव्या घालू लागला.

सुरुवात केली मास्तरांच्या थोरल्या बहिणीने, ताईंनी. "बाळ्या, अजून गोळ्या गिळतोस? चांगला घोड्यासारखा झालायस की!" पन्नाशीच्या माणसाला बाळ्या म्हटलं की तो खरंच बाळ होतो. मास्तरांनी उरलेली पाकिटं उचलली आणि केराच्या डब्यात टाकली. एका दाबात!

तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या डोक्यात वीज चमकायला लागली. डोळे डावीकडून उजवीकडे फिरवले तरी आतून झटका. घाम, चक्कर, मळमळ. बटण तुटलं म्हणून हा माणूस शर्ट हातात धरून रडला. मान दगडासारखी आखडली, तेव्हा काकूंनी मला पाणी भरून तिच्याखाली ठेवलं. झटका आला की मास्तरांचं डोकं माझ्यावर दचकायचं आणि माझ्या पोटातलं पाणी हलायचं. म्हणून सांगते, ते ढोंग नव्हतं. गोळ्या देणाऱ्या जुन्या डॉक्टरांनी मात्र कागदावरून डोळेही वर न करता सांगितलं, "या गोळ्यांची सवय लागत नाही. मनाचे खेळ आहेत." अरे, माझ्यासारख्या रबराला कळलं ते तुला कळू नये?

मग ताईंनी कंबर कसली. सुया टोचणारा आला. डोक्याला तेल चोळणाऱ्या बाई आल्या. मास्तरांच्या कमरेला लोहचुंबकाचा पट्टा चढला आणि काकूंच्या चाव्या चालता चालता त्याला चिकटू लागल्या. एकाने छातीवर धातूची वाटी ठेवून ती वाजवली.

"काही जाणवतंय का?" त्याने विचारलं.

"वाटी," मास्तर म्हणाले.

मी खोटं बोलणार नाही. तेलवाल्या बाईंच्या हातांनी त्यांना तासभर झोप लागली, आणि त्या बाईंनी "बरं करते" असं एकदाही म्हटलं नाही. माझी चीड आहे ती ताईंनीच आणलेल्या एका भुकटीवाल्यावर. त्याची बिननावाची भुकटी खाऊन झटके वाढले. तो म्हणाला, "विष बाहेर पडतंय." झटके कमी झाले असते तर म्हणाला असता, "गुण येतोय." म्हणजे छापा पडो की काटा, जिंकणार हाच!

एका दुपारी मास्तर छापखान्यातून लवकर घरी आले. हातात कागदाची बोटभर रुंद पट्टी होती.

काकू ओरडल्या, "बोटं! आधी बोटं दाखवा!"

बोटं दहाच्या दहा होती. पण गठ्ठा सरळ लावताना डोक्यात वीज चमकली होती. गठ्ठा सरकला, पातं खाली आलं आणि लहान मुलांच्या पुस्तकाच्या शेकडो पानांवर प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर कापलं गेलं. ती अक्षरं त्या पट्टीवर होती.

"आज अक्षरं गेली," मास्तर म्हणाले. "उद्या बोटं जातील. माझे हात गेले तर मी कोण गं?"

काकूंनी भुकटीची डबी, पट्टी आणि मला असं तिघांना कापडी पिशवीत कोंबलं आणि मास्तरांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी खुर्ची पुढे ओढली.

"गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. कापायचं तर एका दाबात."

"झटके खरे आहेत, मास्तर. मेंदूला गोळीची सवय झाली होती, आणि तुम्ही पायाखालचं स्टूलच ओढलंत." मग त्यांनी भुकटीची डबी उलटसुलट पाहिली. "यात काय आहे ते कुठेच लिहिलेलं नाही. ही आजपासून बंद. तेल हवं तर चोळा, गरम पिशवी हवी तर घ्या. त्याने आराम पडतो, तेवढंच. गोळी पुन्हा सुरू करू, मग हळूहळू कमी करू. किती आणि केव्हा, ते मी सांगेन."

"किती दिवस?"

"महिने लागतील."

मास्तर चिडले, उठले, पुन्हा बसले. मग त्यांनी पिशवीतून ती कागदाची पट्टी काढली आणि ते तिची कड अंगठ्याने चाचपत राहिले. जाड पुस्तकाचे कोपरे गोल करायचे असले की छापखान्यात पातं वापरत नाहीत. काचकागद घेतात आणि केसाकेसाने उतरवतात.

"म्हणजे कापायचं नाही," ते म्हणाले. "घासायचं."

"घासायचं," बाई हसल्या. "आणि कोपरा बिघडतोय असं वाटलं तर थांबून मला दाखवायचं."

हे कळल्यावर ताई फणकारल्या. "म्हणजे मी त्याचं वाईट चिंतलं का?" त्या तिरीमिरीत त्यांनी माझ्यात थेट उकळतं पाणी ओतलं आणि माझा चिकटवलेला सांधा सुटला. मास्तरांचं सगळं अंथरूण भिजलं. ताई मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या. "मला दुसरं काय येतं रे बाळ्या? तू तडफडतोस आणि मी नुसती बघत बसू?"

"बस की," मास्तर म्हणाले. "नुसतीच बस."

मास्तरांनी मला स्वतः ठिगळ लावलं, सायकलच्या ट्यूबला लावतात तसं. त्यानंतर ताई रोज दुपारी येऊ लागल्या. बरोबर कुणाला आणत नसत. काकू विचारायच्या, "वन्सं, आज काय नवीन?" "काही नाही. पाणी तापवते," त्या म्हणायच्या.

सहा महिने मास्तर पात्यापासून लांब बसून पानं जुळवत होते. गोळी दोनदा कमी केल्यावर झटके परतले, दोनदा थांबावं लागलं. मग एका सकाळी ते पुन्हा पात्यापाशी उभे राहिले आणि संध्याकाळी दहा बोटं काकूंसमोर धरली. गोळी अजून सुटलेली नाही, इवलीशी उरलीय. सुटेल तेव्हा सुटेल.

मित्रांनो, मी आता बहुतेक खिळ्यालाच टांगलेली असते. कधी वाईट वाटतं. मग आठवतं की पिशवी विसरली गेली म्हणजे कुणाची तरी मान हलकी झाली. माझं एवढंच मागणं आहे. माझ्यात उकळतं पाणी ओतू नका, आणि काम झालं की मला उलटी टांगा. आणि घरात कुणी असं तडफडत असेल तर "मनाचे खेळ" म्हणू नका. त्याला धड डॉक्टरांकडे न्या आणि मग त्याच्याजवळ नुसते बसा.

परवा मास्तरांनी मला खाली काढलं, पाणी भरलं, हवा दाबून बाहेर काढली, झाकण पिळलं, टॉवेलात गुंडाळलं. या वेळी ताईंची पाठ धरली होती.

"उकळतं नाही ना ओतलंस, बाळ्या?"

"नाही गं," मास्तर म्हणाले. "हळूहळू तापवलंय."