गाडी उचलली की मी गप्प

कुर्र... कट्. ऐकू आलं? तो मीच. मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकामागचा बॉल जॉइंट. पोलादी वाटीत बसवलेली लिंबाएवढी गोळी, एवढंच माझं रूप. स्टिअरिंग फिरलं की चाक वळतं ते माझ्या जिवावर, पण मला आजवर कुणी धड पाहिलेलंही नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटत नव्हतं.

कारखान्यात माझ्या वाटीत ग्रीस भरलं आणि वरून रबरी टोपी घातली. ती टोपी शाबूत आहे तोवरच आपण आहोत, हे मला पहिल्याच चिखलात कळलं. तेव्हापासून मी काळजीखोर.

माझी मालकीण दातांची डॉक्टर. गाडी नवी होती तेव्हा त्यांची लेक मागच्या सीटवर पाय हलवत बसायची. आता तिचे गुडघे पुढच्या सीटला टेकतात. इतकी वर्षं मी चकार शब्द काढला नाही. मग एकदा चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं आणि टोपीला नखाएवढी चीर गेली. ग्रीस बाहेर, धूळपाणी आत. काही महिन्यांत गंज चढला आणि दवाखान्यापाशी गाडी लावताना माझ्या तोंडून निघायला लागलं, कुर्र... कट्.

"आवाज येतोय का रे?" बाईंनी नवऱ्याला विचारलं.

"अगं, गाडीचं वय झालं. थोडी कुरकुरणारच," असं म्हणून त्याने गाणी मोठी केली. त्या गाण्यांच्या खाली मी ओरडत राहिलो.

गॅरेजचा मिस्त्री मनाने भला आणि हाताने कसबी. पण त्याला एक खोड होती. गाडी आली की आधी लिफ्टवर चढवायची, विचारपूस नंतर. लिफ्टवर चाकं हवेत लोंबतात आणि माझ्यावरचा भार जातो. भार नाही तर आवाजही नाही. तो चाक इकडे तिकडे वळवून कान लावायचा, मी जीव तोडून बोलायला बघायचो, आणि ऐन तपासणीच्या वेळी माझी दातखीळ बसायची!

पहिल्या खेपेला त्याने स्टिअरिंगचं तेल बदललं. दुसऱ्या खेपेला दिसेल त्या रबरावर वंगणाचा फवारा मारला. थोडा माझ्या फाटक्या टोपीतही शिरला आणि मी चार दिवस गप्प झालो. घरात सगळे खूश. मी मात्र भीतीने अर्धा झालो होतो. आवाज गेला होता, झीज कुठे गेली होती? माझी गोळी वाटीत डुगडुगत होती.

आणि रविवारी लेकीला वसतिगृहात सोडायला जायचं होतं. डोंगर उतरून, तेवीस वळणं. लहानपणी ती मोठ्याने मोजायची, म्हणून आकडा मला पाठ. प्रत्येक वळणाला गाडीचं ओझं माझ्यावर रेलणार. मी निखळलो की चाक आडवं पडणार आणि बाईंच्या हातात स्टिअरिंग नुसतं शोभेला उरणार. त्यापुढचा विचार मला करवत नव्हता.

सापडलो तर माझी रवानगी भंगारात, हेही दिसत होतं. खोटं कशाला बोलू, एक दिवस वाटलं, नकोच सापडायला. मग शुक्रवारी लेकीची पेटी डिकीत चढली आणि मला माझीच लाज वाटली.

शनिवारी सकाळी फवारा वाळला. फाटकातून वळताना मी कुरकुरलो आणि बाईंनी गाडी थेट गॅरेजला आणली. मिस्त्रीने सवयीने ती लिफ्टवर घेतली. मी गप्प!

"आता काही नाही बघा, मॅडम. निर्धास्त जा."

"अहो, मगाशी होता!"

"मगाशी असेल. आत्ता नाहीये."

बाईंनी किल्लीसाठी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. हे बोलणं त्या रोजच ऐकतात, फक्त दवाखान्यात, समोरच्या खुर्चीतल्या पेशंटच्या तोंडून.

"मिस्त्री, दाढ दुखते म्हणून कुणी आलं, तर मी नुसता आ करायला लावून घरी पाठवत नाही. दाढेखाली कापूस ठेवून चावायला सांगते. तडकलेली दाढ चावल्याशिवाय सापडतच नाही. तुम्ही दर वेळी गाडीला आ करायला लावताय."

मिस्त्री हसला. "मग काय करू म्हणता?"

"खाली घ्या तिला. चावू दे."

गाडी जमिनीवर आली. सगळं ओझं माझ्यावर बसलं, आणि ओझ्याचं इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. बाईंनी आत बसून स्टिअरिंग पूर्ण वळवलं. मिस्त्री चाकामागे हात घालून एकेक भाग चाचपत आला. कुर्र... कट्. त्याची बोटं माझ्यावर थांबली.

"हा थरथरतोय," तो म्हणाला. मग त्याने पहार लावून मला जरासं रेटलं आणि मी वाटीतून जवळजवळ बाहेरच आलो. त्याचं हसू मावळलं.

"मॅडम... उद्या निघणार होतात ना?"

बाई उतरल्या आणि दाराला धरून उभ्या राहिल्या.

दुपारपर्यंत माझ्या जागी नवा बसला. मिस्त्री मला डब्यात टाकणार, तोच बाई म्हणाल्या, "तो मला द्या."

आता मी दवाखान्यात असतो, प्लास्टरच्या दातांच्या शेजारी. लेक अधूनमधून फोन करते, तेव्हा तिचा आवाज मलाही ऐकू येतो. तरी काळजी काही सुटत नाही. नव्याची टोपी नीट असेल ना? तुमच्या गाडीत माझा कुणी भाऊबंद कुरकुरत असेल, तर कृपा करा, गाणी मोठी करू नका.

आज सकाळी एक गृहस्थ गाल धरून आले. खुर्चीत टेकताच म्हणाले, "आता नाही हो दुखत. उगाच आलो," आणि उठायलाच लागले. मी घाबरलो. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, त्यांना हाताने खाली बसवलं आणि कापसाचा बोळा दाढेखाली सरकवला.

"चावा," त्या म्हणाल्या.

ते चावले आणि केवढ्यांदा तरी ओरडले. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.