येसूच्या जन्माची ओळ

मी एक जुनी वही आहे, कुरवंडे गावची, जन्म-मृत्यूची. मित्रांनो, गावचा पाटील माझ्यात बोरूने मोडीत लिहायचा: कोणाला मूल झालं, कोण गेलं. तेव्हा मला देवाच्या कोनाड्याशेजारी जागा होती. पुढे मी तालुक्याच्या कचेरीत आले. लाल फडक्यात बांधलेली, वर नव्या फायलींचं ओझं, आत पानं खाणारी कसर.

मागच्या पावसाळ्यात आंदर मावळातली आरती कचेरीत येऊ लागली. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता. पण महिनाअखेरपर्यंत जमातीचा जुना पुरावा दिला नाही, तर जागा जाणार होती. तिचे खापरपणजोबा येसू यांना शेताच्या बांधाशी पुरलं, ती मृत्यूची नोंद तिला मिळाली होती. ती पुरेशी जुनी नव्हती. नोंदीतल्या वयावरून तिने जन्मसाल काढलं. वय अंदाजे असणार, म्हणून मागची-पुढची सालंही घेतली आणि त्यांच्या गावची वही पुन्हा पुन्हा तपासून घेतली. येसू सापडेना.

तो माझ्यात होता. पण मला बोलता कुठे येतं?

"आजपण आलीस? आता तुझी हजेरीच मांडते," मोडी वाचणाऱ्या राजेश्वरीताई म्हणाल्या.

"मांडा. उद्याचीपण मांडून ठेवा."

"उद्या मी नाही गं. लेक आलीय बाळंतपणाला. पहिलंच आहे ना!"

आरती सोबत आलेल्या आजीकडे, चिमाबाईकडे वळली.

"आजी, येसूआबा थोरले होते?"

"व्हय. पयलंच पोर."

"त्यांच्या आईचं माहेर कुठलं?"

"कुरवंडं. का गं? आता तितं जायाचं का काय?"

"जायचं नाही. तिथली वही काढायची."

किती वर्षांनी माझी गाठ सुटली! ताईंनी पान उलटायला बोट जिभेला लावलं. आरतीने हात धरला. "थुंकी नको, ताई." तिने पानाखाली पट्टी सरकवली आणि हलकेच उचललं. कडा झडल्या होत्या, ओळ शाबूत होती. ताईंनी बोट न टेकवता वाचलं: महिपती, राहणार आंदर मावळ, यास मुलगा. पुढे जमात. शेवटी नाव, येसू.

"घावला गं माजा आजेसासरा!" चिमाबाईने मलाच हात जोडले.

आरतीची जागा राहिली. मी पुन्हा फडक्यात आहे. मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा, ओल्या बोटाने उलटू नका. येसूच्या पुढचं पान कसरीने अर्धं खाल्लंय. त्यावरही कोणाचातरी येसू आहे, आणि त्याची आरती अजून यायची आहे.