हापशीपर्यंत

रिक्षावाले त्या जागेला हापशी चौक म्हणायचे. अंबरनाथ स्टेशनवर ‘हापशी’ एवढंच म्हटलं, की रिक्षा मोरिवलीच्या अलीकडे, कॉलनीच्या तोंडाशी येऊन थांबायची. हापशीला पाणी मात्र कित्येक वर्षांत आलेलं नव्हतं. बारवी धरणाचं पाणी घरोघर नळाला आलं, तेव्हापासून तिच्याकडे कोणी वळूनसुद्धा पाहत नव्हतं. एक उन्मेष सोडला तर.

उन्मेष हा विष्णुपंत आठल्यांचा मुलगा. वय चाळिशीच्या पुढे, अंगाने भरभक्कम, कानांवरचे केस पिकलेले आणि समज लहान पोराची. सकाळी न्याहारी झाली की तो चपला घालायचा आणि एकटा निघायचा. फाटकातून सरळ हापशीपर्यंत. तिथे दांडा धरून हापसायचा, करर्र-खट, करर्र-खट, मग तोटीखाली ओंजळ धरून थोडा वेळ वाट बघायचा आणि परत फिरायचा. घरात शिरता शिरता आईला सांगायचा, “पाणी नाही.”

मालिनीबाई म्हणायच्या, “नाही तर नाही. उद्या बघू.”

एवढं शिकवताना नवराबायकोची उमेदीची वर्षं सरली होती. आधी हात धरून, मग मागून, मग खिडकीतून नजर ठेवून. हापशी आली की हापसायचं आणि वळायचं, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं, की दिवसातला तेवढा वेळ तो इतर कुणाही माणसासारखा आपल्या कामाला जाऊन येणारा माणूस असायचा. हापशीच्या पलीकडे लगेच बदलापूरचा मोठा रस्ता होता, आणि त्या रस्त्यावरून आनंदनगरच्या कारखान्यांचे टँकर दिवसभर धडधडत जायचे. एका वर्षी गणपतीच्या मांडवाचं कापड हापशीवरून गेलं. त्या सकाळी उन्मेषला वळायची जागाच सापडली नाही. तो चालत राहिला. संध्याकाळी बदलापुरात एका टायरवाल्याच्या दुकानापुढे सापडला, तळपाय सोललेले आणि आवाज बसलेला. मोठा रस्ता त्याने कसा ओलांडला, हे विष्णुपंतांनी कधी मनात येऊ दिलं नाही.

म्हणून चौकाचं नूतनीकरण होणार आणि त्यासाठी रहिवाशांचं मत विचारणार, अशी पाटी लागली, तेव्हा विष्णुपंतांनी ती दोनदा वाचली आणि घरी येऊन सांगितली.

“तुम्ही जा,” मालिनीबाई म्हणाल्या. “आणि बोला. नुसती मान हलवून येऊ नका.”

“बोलेन की.”

“बोलेन की म्हणता आणि खुर्चीत पुस्तक वाचत बसता. आणि हे बघा, त्याचं नाव काढू नका. चारचौघांत त्याचा तमाशा नको.”

तमाशा कसला, सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि तोंडाने म्हणणं वेगळं. शेजारी ‘उन्मेष बरा आहे ना?’ असं विचारायचे, जणू त्याला कालपासून ताप आहे. विष्णुपंतही ‘बरा आहे’ म्हणायचे. इतकी वर्षं असंच निभावलं होतं.

सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. चौकाचा एक भलामोठा नकाशा भिंतीवर चिकटवलेला होता. पिंपळ, रिक्षाथांबा, भाजीवाल्या बायकांची जागा, हापशी, सगळं फोटोंसकट. सई नावाची तरुण आर्किटेक्ट माइकवरून समजावत होती. माइक मधूनच खरखरत होता.

“प्रत्येकाला टिकल्या मिळतील. हवं तिथे हिरवी, नको तिथे लाल. एवढंच. तुमचा चौक तुम्ही ठरवायचा.”

विष्णुपंतांनी हातातल्या टिकल्यांकडे पाहिलं. उभा जन्म त्यांनी रंगांच्या कारखान्यात मेंटेनन्समध्ये काढला होता. तिथे मशीनला लाल टॅग लावला, की विषय संपला. चालवायचं नाही, उघडायचं नाही, कुणी हात लावायचा नाही. तो टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा. नको तिथे लाल. म्हणजे जिथे काही करायला नको, तिथे लाल. मुलगी शहाणी आहे, त्यांना वाटलं. एकदा विचारून घ्यावं, असंही वाटलं. पण नकाशापुढे कॉलेजची मुलं हसतखिदळत उभी होती, आणि एवढ्या सोप्या गोष्टीला शंका विचारणारा म्हातारा आपण व्हावं, हे त्यांच्या जिवावर आलं.

त्यांनी लाल टिकली हापशीवर चिकटवली. मग जन्मात केलं नव्हतं ते केलं. एकेकाजवळ जाऊन हळूच म्हणू लागले, “हापशीवर लाल लावता का, प्लीज?”

नाथा त्यांच्या हाताखालचा फिटर. तो हसला. “लाल टॅग ना, साहेब? समजलं.” आणि त्याने कारखान्यातल्या जुन्या लोकांची आख्खी रांगच तिकडे वळवली.

मोतीबाई मोरिवलीची. हापशीजवळ भाजीची पाटी घेऊन बसायची. तिने टिकली नखावर धरून विचारलं, “कंची, ही? लावू?”

“लावा, मोतीबाई. तुमचे उपकार होतील.”

“उपकार कसले, सायेब. टिकली तर हाय.” आणि तिने अंगठ्याने दाबून बसवली.

घरी येताना विष्णुपंतांची चाल बदलली होती. जिना चढता चढताच त्यांनी सांगून टाकलं, “झालं काम.” मालिनीबाईंनी त्या दिवशी शिरा केला.

पुढच्या सभेत निकाल होता. हॉलमध्ये अंधार केला होता. सई पडद्यावर एकेक चित्र दाखवत होती. पिंपळ राहणार, पाराला नवी फरशी. भाजीवाल्यांना कडेला ओटे. “आणि लोकांना सर्वांत जास्त नकोशी झालेली गोष्ट म्हणजे ही.”

पडद्यावर हापशी आली. तिच्या अंगावर गोवर उठल्यासारख्या लाल टिकल्या होत्या.

“तिच्या जागी आपण पायवाट करतोय. फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंत सरळ, कुठेही अडथळा नाही.”

मागून नाथा कुजबुजला, “साहेब, ही लाल आपलीच ना? मग ही पोरगी असं काय बोलते?”

विष्णुपंत उठले कसे, ते त्यांचं त्यांना कळलं नाही. “एक मिनिट. त्या लालचा अर्थ तसा नव्हता.”

“म्हणजे, काका?”

“लाल म्हणजे हात लावू नये. कारखान्यात आम्ही तसं... राहू द्या, असा अर्थ होता.”

कमलेश पुढच्या रांगेत बसला होता. वॉर्डातलं काहीही त्याच्याशिवाय होत नसे, आणि यंदा तो निवडणुकीला उभा राहणार होता. तो हसत मागे वळला. “काका, हा चौक आहे, कंपनी नाय. आता काय सगळ्यांना परत बोलवून टिकल्या उपटायच्या?”

लोक हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले.

“हापशी राहिली पाहिजे,” विष्णुपंत म्हणाले. “तांत्रिक कारणं आहेत.”

“कोणती?” सईने विचारलं. तिला खरोखरच ऐकायचं होतं.

“समजा पाणीटंचाई झाली... बारवीची लाइन फुटली तर...”

“नाथा, तूच सांग,” कमलेश म्हणाला. “लागेल पाणी?”

नाथाने मान खाली घातली. “साहेब, खाली पाइपच नाय. बोअर कधीच बुजली. नुसतं डोकं उभं आहे.”

“आणि ती करकर,” मागून एक बाई म्हणाल्या. “रोज सकाळी आमच्या खिडकीखाली. डोकं उठतं नुसतं.” बोलता बोलता त्यांचं लक्ष विष्णुपंतांकडे गेलं आणि त्या गप्प झाल्या. करकर कोण करतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

सई हळू आवाजात म्हणाली, “काका, दुसरं काही कारण असेल तर सांगा ना. आपण विचार करू.”

एका वाक्याचं काम होतं. ‘माझा मुलगा’ हे दोन शब्द त्यांच्या दातांपर्यंत आले होते. सगळे वाट बघत होते, आणि ती वाट बघणारी तोंडं पाहूनच शब्द मागे फिरले.

“नाही. काही नाही,” ते म्हणाले आणि बसले.

घरी त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा मालिनीबाईंनी आधी गॅस बंद केला. मग म्हणाल्या, “मीच म्हटलं होतं नाव काढू नका.” आणि थोड्या वेळाने, “आता काढा. कुणाच्या पायावर डोकं ठेवायचं ते ठेवा.”

पण सईला कुठे गाठायचं, काय म्हणायचं, सुरुवात कशी करायची, यातच विष्णुपंतांनी दिवस घालवले. मनातल्या मनात वाक्य जुळवायचे आणि मोडायचे. एका सकाळी खिडकीतून पत्र्यांचं कुंपण दिसलं, तसे ते घरच्या लेंग्यावरच खाली धावले. सई हेल्मेट घालून उभी होती. जुळवलेलं एकही वाक्य त्यांना आठवलं नाही. कसंबसं, उलटसुलट, पण सगळं सांगितलं. गणपतीचा मांडव, टायरवाला, ओंजळ.

तिचा चेहरा उतरला. “काका, त्या दिवशी का नाही बोललात?”

तिच्या मागे टेम्पोत हापशी आडवी पडली होती. दांडा एका बाजूला लोंबत होता.

“परत उभी करता येईल?”

“मी वर बोलते. कदाचित बागेच्या कोपऱ्यात, शोभेसाठी म्हणून...”

“कोपऱ्यात नाही चालणार, बेटा. जिथे होती तिथेच हवी.”

ती वर बोलली. दोनदा घरीही येऊन गेली, मालिनीबाईंचा चहा घेतला, उन्मेषशी बोलायचा प्रयत्न केला. पायवाटेचं काम मंजूर होतं. ते झालं.

काम चालू होतं तोवर दाराला कुलूप राहिलं. उन्मेष न्याहारी करून चपला घालायचा आणि दाराशी उभा राहायचा. मग हाताने दार वाजवायचा, मग कपाळाने. मालिनीबाई मध्ये हात घालायच्या. त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत काळंनिळं झालं होतं. रात्री त्याला झोपेची गोळी द्यावी लागायची, आणि सकाळी पुन्हा चपला.

“आपण नसलो की?” मालिनीबाई एकदा म्हणाल्या. विष्णुपंतांनी हातातलं पुस्तक उघडं ठेवलं, पान मात्र उलटलं नाही.

चौक खुला झाला. रिबीन कमलेशने कापली. रिक्षावाले अजून हापशी चौकच म्हणत होते.

दोन दिवसांनी दूधवाला आला असताना दार लोटलेलंच राहिलं.

विष्णुपंतांना जिन्यावर चपलांचा आवाज ऐकू आला. ते अनवाणी धावले. नव्या फरशीवर उन्मेष त्याच्या नेहमीच्या चालीने, खाली मान घालून चालला होता. हापशीची जागा आली आणि गेली. तो थांबला नाही. विष्णुपंतांनी मागून त्याचा सदरा पकडला. उन्मेष त्यांच्या दुप्पट वजनाचा, तो त्यांना ओढतच चालला. त्यांचे पाय फरशीवरून घसरत गेले. सदऱ्याचं बटण तुटलं.

ओट्यावरून मोतीबाई ओरडली, “उन्मेष, रं बाबा, थांब. थांब ना.”

समोर टँकरचा हॉर्न वाजला. सदरा हातातून सुटला.

धावून त्याला गाठणं आता त्यांच्या छातीला शक्य नव्हतं. हाक मारून तो कधीच थांबत नसे. विष्णुपंत मागे वळले, हापशी होती त्या जागेवर परत आले, ताठ उभे राहिले, उजवा हात पुढे काढला आणि वरखाली करू लागले.

“करर्र-खट,” ते म्हणाले.

आवाज फुटला नाही. त्यांनी घसा खाकरला. पाराभोवती माणसं बसली होती, बाकांवर बायका होत्या, कुणीतरी मोबाइल उचलला होता.

“करर्र-खट. करर्र-खट. करर्र-खट.”

रस्त्याच्या कडेला उन्मेषचं पाऊल थांबलं. टँकर त्याच्या पुढून निघून गेला, धुरळा उडाला. तो वळला. बापाकडे नाही, त्या हाताकडे बघत तो परत आला. त्याने मनगट धरलं आणि हापसायला लागला, पूर्वीसारखंच, अंगातलं सगळं बळ लावून. खांद्यात कळ गेली तेव्हा विष्णुपंतांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पण त्यांनी आवाज सोडला नाही. मग उन्मेषने हात सोडला, त्यांच्या बोटांखाली ओंजळ धरली आणि वाट बघितली.

“पाणी नाही,” तो म्हणाला आणि घराकडे निघाला.

तेव्हापासून रोज सकाळी विष्णुपंत आधी खाली जाऊन उभे राहतात. बघे आता बघत नाहीत. सई एकदा येऊन लांबूनच परत गेली. डॉक्टरांनी खांद्याला पट्टा दिलाय आणि हात उचलू नका म्हणून सांगितलंय. विष्णुपंतांनी मोतीबाईला विचारून पाहिलं, मी नसेन तेव्हा तुम्ही उभ्या राहाल का? तिने दोनदा उभं राहून पाहिलं. उन्मेष तिच्या बाजूने पुढे निघून गेला, आणि दोन्ही वेळा तिला आणि नाथाला मिळून त्याला धरून आणावं लागलं.

“मना नाय जमाचा तो आवाज, सायेब,” ती म्हणाली. “तुमचा तुमीच करा.”

आज उजवा हात वर जातच नव्हता. विष्णुपंतांनी डाव्या हाताने तो कोपराखाली धरून उचलला आणि पुढे केला. जिन्याकडून चपला वाजू लागल्या. त्यांनी घसा साफ केला.