सुरकुतीबाई आणि साहेबांचा पलंग

सुरकुतीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. बसस्टँडसमोरच्या एका लॉजमध्ये खोल्या लावता लावता ती तिथल्या सगळ्या खोल्यांची प्रमुख झाली, तेव्हा हाताखालच्या मुलींनी पाठीमागे तिला हे नाव ठेवलं. चादरीवर एक सुरकुती दिसली तरी ती अख्खा पलंग मोडून पुन्हा लावायला सांगायची. निवृत्त झाली तशी सवय तिच्याबरोबर घरी आली, आणि मग नावही आलं. नवरा रात्री पाणी प्यायला उठला, तरी तो परत येईपर्यंत त्याची बाजू ताणून, खोचून तयार असायची. बिचारा स्वतःच्याच अंथरुणात पाहुण्यासारखा शिरायचा.

आणि अशा बाईच्या पोटी बबडी. बबडीने जन्मात कधी स्वतःचं अंथरूण आवरलं नव्हतं. गजर तीनदा ओरडून गप्प झाला की ती डाव्या पायाने पांघरुणाला लाथ घालायची, अंग वळवून पलीकडच्या बाजूने उडी मारायची आणि थेट मोरीत. मागे पांघरूण अर्धं जमिनीवर, उशी आडवी, चादरीचा पीळ. आई रोज तोंडाचा पट्टा सोडायची आणि रोज स्वतःच आवरायची. ही पोर नोकरीला जाईल तिथून हाकलली जाईल, असं ती आल्यागेल्याला सांगायची. बबडीच्या आतापर्यंतच्या सगळ्या नोकऱ्या गेल्याही होत्या. त्यांचा अंथरुणाशी काडीचा संबंध नव्हता, पण आईला तो बरोबर दिसायचा.

आताची नोकरी जरा वेगळी होती. नदीवरचा मोठा पूल ज्यांनी बांधला त्या इंजिनियर साहेबांचं जुनं घर आता संग्रहालय झालं होतं. तिथे येणाऱ्यांना खोल्या दाखवत माहिती सांगायची, हे बबडीचं काम. तूर्तास तात्पुरतं. आज व्यवस्थापिकाबाई स्वतः घोळक्याच्या मागे मागे फिरून ऐकणार होत्या आणि संध्याकाळी सांगणार होत्या, ठेवायचं की नाही. बबडीला हे काम मनापासून आवडलं होतं. रात्र रात्र ती आरशासमोर साहेबांचं चरित्र घोकायची. या खेपेला हिला नकार मिळाला तर ती पार खचेल, हे आईला न सांगता कळलं होतं.

पण बबडीने आईवडिलांना बजावलं होतं, की आज तिकडे फिरकायचं नाही. हे मात्र आईच्या जिव्हारी लागलं.

त्यामुळे सकाळी सुरकुतीबाईला अचानक त्याच बाजूची सगळी कामं आठवली. नवऱ्याचा चष्मा तयार होऊन चार दिवस झाले होते. त्याच्या बुटांना नवे तळ लावायला टाकले होते. छत्रीची काडी निखळली होती, आणि कुकरची रिंग तर कधीची ढिली पडली होती. नवऱ्याने एवढंच विचारलं, की रिंग कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते ना. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने पिशवी घेऊन दारात उभा राहिला. तो जन्मभर एका गोदामावर रात्रपाळीचा रखवालदार होता. कमी बोलायचा आणि दिवसा कुठेही पाठ टेकली की त्याचा डोळा लागायचा.

चष्मा मिळाला, तो डबीसकट पिशवीत गेला. बूट मिळाले, ते त्याने तिथेच पायात घातले. नवे तळ पावलागणिक करकर वाजू लागले. छत्रीवाला म्हणाला, उद्या या, तेव्हा छत्री तशीच काखेत परत आली. कुकरच्या रिंगेचं दुकान पुढच्या चौकात होतं, पण मध्येच ते संग्रहालय लागलं, आणि सुरकुतीबाई म्हणाली की आता आलोच आहोत तर लांबूनच बघू. लांबून म्हणजे तिकीट काढून, आतून.

खालच्या मोठ्या दालनात घोळका जमला होता. बबडी दाराकडे पाठ करून साहेबांच्या बालपणाबद्दल बोलत होती, आणि घोळक्याच्या मागे करड्या साडीतल्या व्यवस्थापिकाबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. लेकीचा आवाज किंचित कापत होता. आपण तिला दिसू नये, असं सुरकुतीबाईला वाटलं. तिने नवऱ्याचा दंड धरला आणि दोघं मागच्या अरुंद जिन्याने वर चढले. लॉजमध्ये काम करणाऱ्या बायकांनी पुढचा जिना वापरायचा नाही असा नियम होता, आणि तिचे पाय तो अजून पाळत होते.

वरच्या पहिल्याच खोलीच्या दारात एक लाल दोरी आडवी बांधलेली होती. सुरकुतीबाईला दोरी म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको होतं. लॉजमध्ये दारात दोरी बांधली की त्याचा अर्थ एकच, खोलीची साफसफाई चालू आहे, पाहुण्यांनी येऊ नये. ती आत डोकावली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

आत एक मोठा शिसवी पलंग होता आणि त्यावर नुसता उकिरडा. रजई अर्धी खाली लोळत होती, उशी आडवी, चादर पिळून मध्यभागी गोळा झालेली. सुरकुतीबाईने हे चित्र आयुष्यभर रोज सकाळी पाहिलं होतं. तिला क्षणभरही शंका आली नाही. बबडीने सकाळी खोली लावायला घेतली, दोरी बांधली, आणि नेहमीप्रमाणे तशीच टाकून खाली जाऊन भाषण ठोकत उभी राहिली. थोड्याच वेळात तो घोळका वर येणार, व्यवस्थापिकाबाई हे बघणार आणि नोकरी गेलीच म्हणून समजा.

नवरा म्हणाला, आपण कशाला हात लावायचा. पण तोवर ती दोरीखालून आत गेली होती. हात तर केव्हापासून शिवशिवत होते. तिने रजई उचलली तर तिच्यात जागोजागी पिना टोचलेल्या. "कुणाला लागली असती म्हणजे?" असं पुटपुटत तिने एकेक पीन काढून पर्समध्ये टाकली. चादर झटकली, ताणली, कोपरे काटकोनात दुमडून गादीखाली खोचले. उशी थोपटून फुगवली. रजईची घडी पायथ्याशी अशी बसवली की वर नाणं टाकलं असतं तर उडालं असतं. मग ती दोन पावलं मागे सरली आणि समाधानाने म्हणाली, "सुटली पोर."

इतका वेळ नवऱ्याला करण्यासारखं काही नव्हतं. त्याने पिशवीतून नवा चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, आणि नवं काही वाचायला मिळावं म्हणून खिडकीशेजारच्या पाटीजवळ गेला. करकर करत गेला आणि तिथेच थांबला. त्याने पाटी एकदा वाचली. चष्मा पुसून परत वाचली.

"अगं," तो म्हणाला, "हा पसारा ऐतिहासिक होता."

पाटीवर लिहिलं होतं, की याच पलंगावर एका पहाटे साहेबांना झोपेत पुलाची रचना सुचली. ते ताडकन उठले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी नदीकडे धावत सुटले. त्या पहाटे त्यांनी पलंग जसा सोडला, तसाच तो आजवर जतन करून ठेवला आहे. शेजारी भिंतीवर त्याच पहाटेचा पलंगाचा फोटोही होता, चौकटीत.

सुरकुतीबाई मटकन खाली बसणार होती, पण बसायला समोर होता तो पलंगच. तिने आयुष्यात हजारो पलंग लावले होते, पण विस्कटलेला एकही नव्हता. रजई ओढली तरी हात आपोआप ती सरळ करत होते. तिला आता रडू फुटणार होतं. लेकीची नोकरी वाचवायला आली आणि आपल्याच हाताने घालवून बसली होती. तेवढ्यात पुढच्या जिन्यावर पावलं वाजू लागली.

"तुम्ही झोपा," ती नवऱ्याला म्हणाली.

"आत्ता?"

"रोज माझ्या चादरीचा आखाडा करता ना? करा. बूट काढून करा."

तेवढ्या घाईतही तिने बूट काढायला लावलेच. तो आडवा झाला, दोनदा कूस बदलली, रजई अंगावर ओढली, आणि मग जे त्याचं आयुष्यभर दिवसा झालं तेच झालं. गादी मऊ होती. तिने हाक मारली, हलवलं, चिमटाही काढला. काही उपयोग झाला नाही. पावलं दारापर्यंत आली तशी ती छत्री घेऊन खिडकीच्या पडद्यामागे उभी राहिली.

घोळका दोरीपाशी थांबला. बबडीचा आवाज आता कापत नव्हता. तिला हाच भाग सगळ्यात चांगला यायचा. लोकांकडे तोंड करून, पाठीमागे न बघता ती साहेबांच्या त्या रात्रीबद्दल रंगून सांगत होती, आणि पडद्याआड आईचे डोळे भरून आले, कारण पोर खरंच फार सुंदर बोलत होती. मग बबडीने हात मागे केला आणि म्हणाली, की हाच तो पलंग, साहेब उठून गेले तसाच.

पलंगावरून एक लांबलचक घोरणं आलं.

"अजून उठलेले दिसत नाहीत," घोळक्यातले एक आजोबा म्हणाले.

बबडी वळली. रजईबाहेर एक पाय आला होता आणि त्यातला अंगठ्याशी रफू केलेला मोजा तिने शंभरदा दोरीवर वाळत घातला होता. पलंगाखाली बूट उलटे पडले होते आणि त्यांच्या नव्या तळांवर चांभाराची खडूची खूण होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. व्यवस्थापिकाबाई पुढे झाल्या आणि अतिशय हळू आवाजात म्हणाल्या, की तिने खाली जाऊन संग्रहालयाचा बिल्ला टेबलावर ठेवावा.

हे ऐकून सुरकुतीबाईला पडद्यामागे राहवेना. ती छत्रीसकट बाहेर आली. चूक माझी आहे, ती म्हणाली, मी हिची आई, आणि तो झोपलाय तो हिचा बाप, पण त्याला मीच झोपवलंय. पोरीला यातलं काही ठाऊक नाही. हवं तर पोलिसांना बोलवा, पण तिला काढू नका. मग तिला काहीतरी आठवलं. तिने पर्स उघडली.

"आणि या तुमच्या पिना. रजईत होत्या."

हे ती अगदी साध्या मनाने म्हणाली. लॉजमध्ये खोलीत सापडलेली वस्तू परत करायची असते. पण घोळका दोरीवरून पुढे वाकला. सगळ्यांनी तिच्या तळहातावरच्या चकचकीत नव्या पिनांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या जुन्या फोटोकडे, आणि मग व्यवस्थापिकाबाईंकडे.

व्यवस्थापिकाबाईंचा चेहरा लाल झाला. अखेर त्यांनी कबूल केलं, की इतकी वर्षं चादर न धुता कशी राहील, वास नाही का येणार. दर धुण्यानंतर त्या एकट्या दार लावून, फोटो बघून बघून पिनांनी पसारा बसवत होत्या. अख्खी संध्याकाळ त्यात जायची. आणि इतकं करूनही तो कधीच खरा वाटायचा नाही, असं म्हणताना त्यांचा आवाज रडवेला झाला.

बबडी पुढे झाली. तिने दोरी ओलांडली, वडिलांना गदागदा हलवून उठवलं, आणि ते चष्मा शोधत बाजूला झाल्यावर स्वतःच्या चपला काढल्या. पलंगावर चढली. रजई गळ्यापर्यंत घेतली आणि डोळे मिटले. मग तिने डाव्या पायाने रजईला लाथ घातली, अंग वळवलं आणि पलीकडच्या बाजूने उडी मारून थेट खिडकीपर्यंत गेली.

ते आजोबा फोटोजवळ गेले. फोटो पाहिला, पलंग पाहिला. रजई अर्धी खाली, टोक त्याच फरशीवर. उशी तशीच आडवी. चादरीचा पीळसुद्धा त्याच अंगाला. एवढं सगळं लोकांना आत्ता दिसत होतं, पण सुरकुतीबाई तो पसारा डोळे मिटून ओळखू शकली असती. त्याच्यावरून तिने किती आरडाओरडा केला होता, आणि असा पसारा करणारी ही एकटीच पोर जगात आहे असं तिला वाटत आलं होतं. साहेबही डावखुऱ्या पायाचे निघाले.

"परत एकदा करून दाखवता?" आजोबांनी विचारलं.

बबडीने परत करून दाखवलं. परत तस्संच झालं. व्यवस्थापिकाबाईंनी आईच्या हातातल्या पिना घेतल्या, थोडा वेळ मुठीत धरल्या, आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या. बबडीला त्यांनी सांगितलं, की बिल्ला राहू दे, उद्या वेळेवर ये, आणि उद्यापासून पसारा रोज तूच करायचा, पण ते साहेब झोपले होते वगैरे फार लांबवू नकोस, लोक उठल्यावरचंच बघायला येतात. सुरकुतीबाईला मात्र त्यांनी हात जोडून सांगितलं, की आपण पुन्हा आलात तर कृपा करून खालच्याच मजल्यावर थांबा.

परतताना नवरा करकर चालत होता आणि त्याची बायको पुढच्या चौकाकडे न वळता सरळ घरी निघाली होती. घरी येऊन कुकर लावला तेव्हा सगळी वाफ बाजूने निघून गेली, आणि तेव्हा कुठे रिंग आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजर तीनदा ओरडला, लाथ बसली, उडी झाली, मोरीचं दार आपटलं, आणि बबडी धावतपळत कामावर निघून गेली. नवरा नव्या चष्म्यातून पेपर वाचत होता. बराच वेळ झाला तरी चादर झटकल्याचा आवाज आला नाही, म्हणून तो उठून बघायला आला. सुरकुतीबाई लेकीच्या खोलीच्या दारात उभी होती. तिची बोटं वळवळत होती, पण हात तिने पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.

"आज आवरायचं नाही का?" त्याने विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली. "पोरीचा रियाज आहे तो."